अद्भुताची सबब

आमच्या घरी एक पुस्तक होते. त्याला पहिली काही पाने नव्हती आणि शेवटचीही नव्हती. मधली दोनशेच्या आसपास पाने दोऱ्याने टाचून, वर सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचे वेष्टन घालून कोणीतरी ती जपली होती. नाव कोणालाच ठाऊक नव्हते. घरात त्याला 'राजाची कादंबरी' म्हणत. सोनाळा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे, संग्रामपूर तालुक्यातले गाव; संत सोनाजी महाराजांचे गाव म्हणून वऱ्हाडात ओळखले जाणारे. कापसाची वेचणी उलगली, की रात्री ओसरीवर काका हे पुस्तक मोठ्याने वाचत. लाइट असला तर लाइटात, नाहीतर कंदिलात. आजी वाती वळत ऐकायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण कथेत कुठे काय राहिले होते ते काकांपेक्षा तिच्याच नेमके लक्षात असायचे.

एका रात्रीचा प्रसंग मला आजही स्पष्ट आठवतो. राजकन्या उपवनात एकटी फिरते आहे, तिच्या मनात एका तरुण योद्ध्याविषयी विचार येतात, आणि तिचे यौवन कसे बहरलेले होते याचे लांबलचक वर्णन चालले आहे. आजीने हात थांबवला.

"एवढी मोठी झाली तरी तिचं लगन काहून नाई झालं रे?"

"राजाची पोरगी आहे ना ते, माय."

"मंग? राजाच्या पोरीले लगन नाई लागत?"

काकांना उत्तर सुचले नाही. "आयक ना तू," म्हणून ते पुढे वाचत राहिले. आजीचे लग्न नवव्या वर्षी झाले होते. आम्ही पोरे हसलो होतो.

आजीच्या या प्रश्नाची खरी किंमत मला कळायला पुढची तीसेक वर्षे लागली. माझे शिक्षण बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला थांबले. पुढे बियाणे-खतांचे दुकान चालवले, आणि वाचन चालले ते त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून, हाताशी शब्दकोश घेऊन. मराठी कादंबरीच्या आरंभकाळाविषयी जे हाती लागेल ते वाचण्याचा नाद त्याच काळात लागला. त्या नादात नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' या १८६८ सालच्या कादंबरीची प्रस्तावना समोर आली. गंमत म्हणजे मला ती प्रथम भेटली इंग्रजीत. लंडनला मराठीचे अध्यापन करणारे इयन रेसाइड यांनी आरंभीच्या मराठी कथनपर गद्यावर १९६८ साली जो निबंध लिहिला त्यात, आणि पुढे मीनाक्षी मुखर्जी यांच्या भारतीय कादंबरीवरच्या पुस्तकात. या दोघांमुळे रिसबुडांची ती प्रस्तावना मराठीबाहेरच्या अभ्यासकांनाही माहीत झाली.

रिसबूड त्यात जे म्हणतात त्याचा आशय असा : आम्हा हिंदूंची लग्नाची रीत आणि इतर काही कारणे यांमुळे आमच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे ना गुण सापडतात ना दुर्गुण. रोज अनुभवतो तेच लिहायला बसलो, तर त्यात रंजक असे काही निघणार नाही. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

ही प्रस्तावना सहसा एका गोष्टीचा पुरावा म्हणून दाखवली जाते, ती म्हणजे आरंभीच्या मराठी कादंबरीकारांना वास्तवाची जाण नव्हती. मला मात्र ती वाचताना आजी आठवली. कारण रिसबूड लग्नाच्या रीतीवर बोट ठेवतात, आणि आजीनेही तिथेच ठेवले होते. इंग्रजी कादंबरीचे जाते ज्या खुंट्यावर फिरते तो खुंटा म्हणजे लग्नाआधीचा काळ. तरुण मुलगी, तिला पाहणारे दोघे-तिघे, तिचा होकार-नकार, गैरसमज, पत्रे, आणि शेवटी लग्न. जिथे मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी लागते तिथे हा काळच अस्तित्वात नाही. जो काळ नाही त्यावर गोष्ट कशी रचायची? मग एक राज्य कल्पायचे. त्याला नकाशात नसलेले नाव द्यायचे. तिथल्या राजाला एक मुलगी द्यायची, आणि ती सोळा-अठरा वर्षांची होईपर्यंत तिचे लग्न होऊ द्यायचे नाही. राक्षस, गुप्त भुयारे, वेषांतरे हे सगळे नंतर येते. १८६८ सालच्या वाचकाला यातली सर्वांत अद्भुत वस्तू कोणती वाटत असेल, तर ती ही न लग्न झालेली, स्वतःचे मन असलेली मोठी मुलगी, असे मला वाटते. आजीला तर नक्कीच वाटली. भुयारांविषयी तिने कधी शंका काढली नाही.

कायद्याच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. रखमाबाईंचा खटला १८८४ साली उभा राहिला. अकराव्या वर्षी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला होता. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, आणि त्याने वय वाढवले ते दहावरून बारावर. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा संमत झाला १९२९ साली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, आणि अद्भुतरम्य कादंबरीचे सर्वांत लोकप्रिय लेखक नाथ माधव वारले १९२८ साली. म्हणजे मराठी अद्भुतरम्य कादंबरीचा सगळा बहराचा काळ शारदा कायद्याच्या आधीचा आहे. यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होतो असा माझा दावा नाही. कायदा कागदावर आला म्हणून आमच्या भागात बालविवाह थांबले नव्हते, हे मी आत्यांच्या लग्नांवरून सांगू शकतो. पण रिसबुडांची सबब निव्वळ अडाणीपणाची नव्हती. ती एका समाजाने दिलेली कबुली होती.

तरीही ती सबबच. आणि ती खोटी आहे हे रिसबुडांच्या अकरा वर्षे आधीच दिसून आले होते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली आले. यमुना नवऱ्याबरोबर, विनायकाबरोबर, प्रवासाला निघते आणि वाटेत तिला घरोघरी विधवा भेटतात. शेवटी तीही विधवा होते. रिसबुडांना ज्या रोजच्या जगण्यात सांगण्यासारखे काही सापडत नव्हते, त्याच जगण्यात पदमनजींना एका पुस्तकात मावणार नाही इतके सापडले. फरक इतकाच, की पदमनजी ख्रिस्ती झाले होते आणि त्यांनी आपले जुने घर उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहिले. रिसबूड माजघरात होते. तिथे बालविधवा ही घटना नव्हती, ती घरातली वस्तू होती, पाटा-वरवंटा जसा. जी गोष्ट आपल्याला रंजक वाटत नाही ती अनेकदा आपण पाहिलेलीच नसते. रिसबुडांच्या त्या विधानातली ही खरी मेख आहे, आणि ती फक्त १८६८ पुरती खरी नाही.

पुढे हरि नारायण आपट्यांनी ती सबब पुरती निकालात काढली. १८९० साली निघालेल्या 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. तिथे यमू स्वतःच बोलू लागली, आणि लग्नाआधीचा काळ नसला तरी लग्नानंतरच्या काळात कादंबरीला पुरून उरेल एवढी सामग्री आहे हे साऱ्या महाराष्ट्राला कळले. हेच आपटे १८८५ च्या 'मधली स्थिति'त रेनॉल्ड्सच्या आधाराने लिहीत होते, हे विसरून चालत नाही. रेनॉल्ड्स हा लंडनच्या गल्लीबोळांतली रहस्ये लिहिणारा, तिकडे आता फारसा वाचला न जाणारा लेखक. इकडे मात्र दोन पिढ्यांचा गुरू.

आता अडचण अशी, की सबब संपली तर अद्भुतही संपायला हवे होते. ते संपले नाही. उलट आपट्यांची यमू घराघरांत पोहोचल्यानंतर, १९१३ साली, 'वीरधवल' आली आणि ती आजतागायत पुनर्मुद्रित होते आहे. तेव्हा रिसबुडांनी दिलेले कारण हे अद्भुताचे खरे कारण नव्हते, किंवा एकमेव नव्हते.

नाथ माधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म मुंबईचा, ३ एप्रिल १८८२ चा. कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात नोकरी. ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. लेखन सुरू झाले ते त्यानंतर. २१ जून १९२८ ला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने वीसेक वर्षांत केलेल्या लेखनाचा ढीग पाहिला, तर धडधाकट माणसानेही मान खाली घालावी.

या चरित्रातून एक फार सोयीचे स्पष्टीकरण हाती येते. चालता न येणाऱ्या माणसाने दौडत्या घोड्यांची, कडे चढणाऱ्या वीरांची स्वप्ने पाहिली. 'वीरधवल' म्हणजे एका बंद खोलीची खिडकी. मीही अनेक वर्षे हेच मानत आलो आणि एका व्याख्यानात मोठ्या तोऱ्यात सांगूनही बसलो. श्रोत्यांत मागे एक गृहस्थ कुबड्या घेऊन बसले होते. व्याख्यान संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "सर, आम्ही काय दिवसभर पळायचीच स्वप्नं पाहतो असं वाटते का तुम्हाले? आम्ही उधारीचाही विचार करतो." मी सर नाही, हे सांगायचेही मला भान राहिले नाही.

घरी येऊन नाथ माधवांची पुस्तके पुन्हा पुढ्यात घेतली. त्याच अंथरुणावरून 'डॉक्टर' आणि 'विहंगवृंद' या सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. त्याच अंथरुणावरून 'सावळ्या तांडेल' समुद्रावर गेला. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट', 'स्वराज्यातील दुफळी' ही शिवकाळावरची मालिका तिथूनच आली, आणि कित्येक घरांत बखरींच्या आधी शिवाजी महाराज पोहोचले ते या मालिकेतून. म्हणजे अद्भुत हा या लेखकाच्या कामाचा एक कप्पा होता. पांगळेपणाने अद्भुत जन्माला आले असते, तर 'डॉक्टर' कशाने जन्माला आली? दुखण्याला साहित्याची किल्ली करण्याची आपल्याला हौस फार. त्यात लेखकाचा अभ्यास, मेहनत, वाचकाची नाडी ओळखण्याची हुशारी, पोटापाण्याचा प्रश्न हे सगळे गडप होते.

मग अद्भुत टिकले कशावर? मला वाटते, कानावर. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या आरंभीचे तीन प्रवाह तीन नावांनी दाखवले : 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि १८७१ सालचे गुंजीकरांचे 'मोचनगड'. वास्तव, रंजन, इतिहास. यातले पहिले एकट्याने वाचायचे. तसे ते वाचले तरच आत उतरते. दुसरे आणि तिसरे मात्र ओसरीवर वाचता येते. आमच्या घरी काकांच्या त्या कादंबरीच्या शेजारच्याच फळीवर 'नवनाथ भक्तिसार' होता, श्रीधराचा 'पांडवप्रताप' होता. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गेले हे आजीने शंभरदा ऐकले होते. जो कान हे ऐकून तयार झाला त्याला कल्पित राज्य परके वाटणार नव्हते. छापील कादंबरी आमच्याकडे पोथीच्या वाटेने आली, आणि पोथीच्याच लयीत वाचली गेली. काका अध्याय संपवावा तसे प्रकरण संपवत; फक्त नमस्कार तेवढा करत नसत.

आणि खरे म्हणजे 'कादंबरी' हा शब्दच बघा. हिंदीने या प्रकाराला उपन्यास म्हटले, गुजरातीने नवलकथा. मराठीने आणि कन्नडने नाव घेतले ते सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचे. त्या कथेत पोपट गोष्ट सांगतो, चंद्र माणसाचा जन्म घेतो, माणसे मरून पुन्हा जन्मतात आणि प्रेम जन्मांतरापर्यंत वाट पाहते. म्हणजे आपल्या भाषेत या साहित्यप्रकाराचे बारसेच अद्भुताच्या मांडीवर झाले. पुढे शिकून मोठा झाल्यावर त्याला त्या मांडीची लाज वाटू लागली.

हिंदीत असे झाले नाही, निदान इतके झाले नाही. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ ची. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, ही गोष्ट हिंदीत अभिमानाने सांगितली जाते. आचार्य रामचंद्र शुक्लांनी तिला साहित्याच्या कोटीत बसवले नाही, पण खत्रींनी जितके वाचक घडवले तितके दुसऱ्या कोणी घडवले नाहीत हे त्यांनी आपल्या इतिहासात नोंदवले. नापसंती नोंदवली आणि ऋणही नोंदवले. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची तेव्हा आमच्या आळीत ज्याच्याकडे रंगीत टीव्ही होता त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. योगायोग असा, की खत्रींचा जन्म 'मुक्तामाला'च्या वर्षीचा, १८६१ चा, आणि मृत्यू 'वीरधवल'च्या वर्षीचा, १९१३ चा. योगायोगाला अर्थ नसतो, पण मला वहीत या तारखा शेजारी शेजारी मांडताना मौज वाटली.

इथवर मी या कादंबऱ्यांची वकिली केली. आता दुसरी बाजू, आणि ती सांगताना मला माझ्या गावाच्या उत्तरेला पाहावे लागते. सोनाळ्याहून वर गेले की अंबाबरव्याचे जंगल लागते. तिथे कोरकू, निहाल, भिलाला यांची वस्ती पिढ्यान् पिढ्यांची. त्यातली काही गावे आता उठून खाली वसली आहेत. माझ्या दुकानात बियाणे न्यायला येणारी बरीच गिऱ्हाइके तिथली. या माणसांच्या संगतीत 'राजाची कादंबरी' पुन्हा उघडली, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की त्या पुस्तकात अरण्य आहे, पण अरण्यात राहणारे कोणी नाही. तिथे राजपुत्र वाट चुकतो, राजकन्या मूर्च्छा येऊन पडते, साधू भेटतो, आणि काळेकभिन्न दरोडेखोर येतात. ज्याचे तिथे घर आहे, ज्याला मोहाचा हंगाम कधी हे ठाऊक आहे, असा माणूस नाही. बाणभट्टाने निदान एवढे केले होते, की पोपटाचा पिंजरा घेऊन दरबारात पहिले पाऊल टाकते ती चांडाळकन्या. ती पुढे लक्ष्मी निघते हे खरे, पण गोष्ट दरबारात येते ती तिच्या हातून.

या ठिकाणी एका अमेरिकन लेखकाची आठवण काढावीच लागते. लायमन फ्रँक बॉम, जन्म १८५६, मृत्यू १९१९. 'ओझ'चा जादूगार निर्माण करणारा. आमच्यात एक साम्य आहे : तोही दुकानदार होता. डाकोटा प्रदेशातल्या अ‍ॅबर्डीन गावी त्याने १८८८ साली दुकान घातले, दुष्काळात लोकांना सढळ हाताने उधारी दिली आणि दुकान बुडाले. मग त्याने तिथलेच एक साप्ताहिक घेतले. डिसेंबर १८९० मध्ये लकोटांचा वृद्ध नेता सिटिंग बुल मारला गेला, आणि दोन आठवड्यांत वूंडेड नी येथे सैनिकांनी लकोटा स्त्रीपुरुषांची, मुलांची कत्तल केली. या दोन्ही घटनांनंतर बॉमने आपल्या पत्रात अग्रलेख लिहिले, आणि उरलेल्या आदिवासींचा समूळ नाश करावा असे त्यांत सुचवले. दहा वर्षांनी, १९०० साली, याच हाताने डोरोथीची गोष्ट लिहिली. हाच माणूस गावातल्या स्त्री-मताधिकार मंडळाचा चिटणीस होता. मटिल्डा गेज ही त्या चळवळीतली मोठी विचारवंत त्याची सासू. 'ओझ'च्या दुसऱ्या पुस्तकात, १९०४ साली, मुलींची फौज विणायच्या सुया घेऊन पाचूनगरी काबीज करते आणि शेवटी गादीवर एक मुलगी बसते. २००६ साली बॉमच्या वंशजांनी त्या अग्रलेखांबद्दल लकोटांची जाहीर माफी मागितली.

मी बॉमला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करून मोकळा होऊ शकत नाही, कारण त्याच्या पुस्तकाने मला आपल्या कादंबऱ्यांत काय नव्हते ते दाखवले. ते पुस्तक राजवाड्यात सुरू होत नाही. ते कॅन्ससमध्ये सुरू होते. उन्हाने करपलेली राखाडी जमीन, राखाडी झोपडी, कष्टाने हसू विसरलेली मावशी आणि काका. बॉमने डाकोटात पाहिलेला दुष्काळ तो हाच. पाचूनगरीत गेल्यावरही तो वाचकाला सांगतो, की तिथले हिरवेपण प्रत्येकाच्या डोळ्यांवर कुलूप लावून बसवलेल्या हिरव्या चष्म्यातले आहे. अद्भुताला त्याने वास्तवाचा जोडीदार केले. प्रस्तावनेतही तो सबब सांगत नाही. मुलांना नव्या काळाची परीकथा हवी आणि ती मी लिहितो आहे, एवढेच ठणकावतो. रिसबुडांनी मात्र म्हटले, की आमच्याकडे कॅन्ससच नाही म्हणून ओझ लिहितो. आमच्याकडे कॅन्सस होते. ओसरीवर वाती वळत बसले होते.

मराठीत ही जोडी जुळवणारे पुस्तक झालेच नाही असेही नाही. काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' १९२८ साली, नाथ माधवांच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. काशीबाईही १८६१ च्याच. बाईंचे लग्न लहानपणी झालेले, वाचायला त्या शिकल्या सासरी, घरच्यांचे टोमणे खात. त्यांची नायिका फसवणुकीने एका मंदबुद्धी संस्थानिकाशी लग्न लावून दिली जाते. इथवर ती यमूचीच बहीण. पण तिथून पुढे ती राज्य हातात घेते आणि बायकांच्या हाती कारभार असलेली एक नवी व्यवस्था उभी करते. कल्पित संस्थान आहे, राणी आहे, सारे साहित्य अद्भुतरम्य कादंबरीचेच आहे. फक्त सुरुवात माजघरातून होते. बंगालच्या रुकैया हुसेन यांनी 'सुलताना'ज ड्रीम' १९०५ साली लिहिले, त्याच्या जातकुळीतले हे पुस्तक. मीरा कोसंबी यांनी काशीबाईंवर लिहून ते पुन्हा उजेडात आणले. रिसबुडांनी लग्नाच्या रीतीला भिऊन राज्य कल्पिले होते. काशीबाईंनी त्या रीतीचाच हिशेब चुकता करण्यासाठी कल्पिले. अद्भुताचा याहून नेटका उपयोग त्या काळच्या मराठीत मला दिसला नाही. आणि तरी घराघरांत जपले गेले ते 'वीरधवल', 'पालखीचा गोंडा' नव्हे. याचा दोष मी वाचकांना देत नाही. जे पुस्तक ओसरीवर मोठ्याने वाचले जाते ते कोण वाचणार हे काका ठरवत असत.

'वीरधवल'वरून आठवले. आमच्या घरातले ते निनावी पुस्तक 'वीरधवल'च असणार अशी माझी अनेक वर्षे खात्री होती. तसे मी चार जणांना सांगितलेही होते. पुण्याहून नवी आवृत्ती मागवली आणि पहिल्या वीस पानांतच कळले, की ते दुसरेच काहीतरी आहे. नाथ माधवांच्या यशानंतर त्यांच्या वळणावर लिहिणारे पुष्कळ झाले. त्यांपैकी कोणाचे तरी असावे. भाषा बोजड आहे, योगायोगांवर कथा चालते, खलनायक दर प्रकरणाला एकदा विकट हास्य करतो. तरीही उपवनातला तो प्रसंग मी आजही वाचतो, आणि "एवढी मोठी झाली तरी" हे मला ऐकू येते.

गेल्या वर्षी ते पुस्तक नव्याने बांधून घेतले आणि जवळच्या एका सार्वजनिक वाचनालयाला द्यायला गेलो. घरी ठेवून वाळवीच खाणार होती. तिथल्या मुलाने दाखल-नोंदवही उघडली आणि पुस्तकाचे नाव विचारले. म्हटले, माहीत नाही. लेखक? माहीत नाही. प्रकाशन, साल, किंमत? तेही नाही. त्याने पेन कानावर ठेवले.

"काका, असं कसं? काहीतर लिहाच लागते इथं. शेवट तरी काय आहे याचा?"

"शेवटची पानं नाहीत."

त्याने थोडा विचार केला, नावाच्या रकान्यात 'राजाची कादंबरी' लिहिले, लेखकाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली, आणि पुस्तक उचलून बालसाहित्याच्या कपाटात ठेवले.